आडवी रेघ शेवटी

मी कुंचला बोलतोय. चित्रं रंगवायचा नाही, चिनी लिहायचा. माझे केस शाईत वाळून दगड झाले होते, त्यातले काही उपटले गेले, आणि हे सगळं प्रेमापोटी झालं. त्यामुळे माझं बोलणं कुठे कडक वाटलं तर वाटू द्या. गोड बोलायला केस मऊ लागतात.

माझा जन्म चीनमधल्या हूचौ भागातला. तिथे कुंचले बनवणारी गावंच आहेत. माझ्या पोटात मुंगसासारख्या एका चपळ जनावराच्या शेपटीचे ताठ केस आहेत आणि बाहेरून बकरीचे मऊ. ज्या बाईने मला बनवलं ती दिवसभर गार पाण्यात हात घालून केस निवडायची. एखादा केस वाकडा दिसला की काढून टाकायची. बोटं लाल व्हायची तिची, पण घाई नाही. सगळ्या माणसांचे हात असेच असतात, असं मला तेव्हा वाटायचं. पुढे हा गैरसमज दूर झाला.

तिथून मी जहाजाने अमेरिकेत आलो. शिकागोच्या चायनाटाऊनमधल्या एका दुकानात दोरीने टांगलेला होतो. लोक यायचे, माझं टोक बोटाने दाबून बघायचे आणि कागदी हातपंखे विकत घेऊन जायचे. २००४ साली शरयूने मला घेतलं.

शरयू नागपूरची. नवऱ्याबरोबर, उल्हासबरोबर, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहायची आणि सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. तिच्या कंपनीचं सॉफ्टवेअर चीनमध्ये जाणार होतं. पडद्यावर चिनी अक्षरं नीट उमटतात, की त्यांच्या जागी नुसते रिकामे चौकोन येतात, हे बघायचं तिचं काम. एक दिवस ती उल्हासला म्हणाली, “मी रोज शेकडो अक्षरं पास करते आणि मला त्यातलं एक वाचता येत नाही. लाज वाटते यार.” उल्हास म्हणाला, “पगार तर येतोय ना?” पण पुढच्या शनिवारी ती मिसेस त्साय यांच्या वर्गात जाऊन बसली.

त्साय बाई तैवानच्या, ठेंगण्या, कडक. एका चर्चच्या तळघरात त्या चिनी पोरांना लिहायला शिकवायच्या. पोरं इंग्रजीत कुरकुर करत यायची, आईबापांनी ढकललेली. आपण होऊन आलेली एकटी शरयूच.

आता जरा माझं काम समजून घ्या, म्हणजे माझा वैताग कळेल. चिनी अक्षर एका अदृश्य चौकोनात बसतं. अक्षर म्हणजे आख्खा शब्दच म्हणा ना. त्यातल्या प्रत्येक रेघेचा नंबर ठरलेला असतो. वरची आधी, खालची नंतर. डावी आधी, उजवी नंतर. मला खांबासारखं उभं धरायचं, दाबायचं, चालवायचं आणि शेवटी थांबवून उचलायचं. झालेली रेघ परत गिरवून सुधारायची नाही. गेली ती गेली.

आणि शरयू? ती मला बॉलपेनसारखं तिरकं धरायची. ते मी सहन केलं. पण तिची एक खोड जाता जाईना. ज्या अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ असते, तिथे ती रेघ आधी मारायची असते. शरयू खालचं सगळं आधी लिहायची आणि डोक्यावरची रेघ शेवटी ओढायची. तुम्ही मराठी वाचणारे, म्हणजे तुमच्या लगेच लक्षात आलं असेल. आधी अक्षरं, मग वरून शिरोरेघ. कधी कधी तर ती दोन अक्षरं लिहून झाल्यावर मागे येऊन रेघ मारायची, जशी तुम्ही शब्द पुरा झाल्यावर मारता.

“छप्पर आधी,” त्साय बाई इंग्रजीत म्हणायच्या. “बिनछपराच्या घरात कोण राहील?”

“आमच्याकडे आधी माणसं राहायला येतात,” शरयू म्हणायची. “छप्पर मग बघू.”

“मग पाऊस आला की रडत माझ्याकडे येऊ नका.”

तीन वर्षं हेच चाललं. बाई मागे उभ्या असल्या की ती रेघ आधी मारायची. बाई वळल्या की पुन्हा शेवटी. मला तर सगळं आतून कळायचं. शेवटी मारलेल्या रेघेला माझ्यात शाई पुरायची नाही, टोक फाटायचं आणि बाई म्हणायच्या, “कुंचला खराब दिसतोय.” चूक हिची, नाव माझं.

२००७ च्या उन्हाळ्यात शरयू वर्गाला यायची बंद झाली. तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. मी तिच्या टेबलावर टांगलेला होतो, स्वच्छ, कोरडा. तेवढं मात्र ती नेमाने करायची. गार पाण्यात धुवायची, टोक बोटांनी जुळवायची आणि डोकं खाली करून टांगायची.

डॉक्टरांनी बोनमॅरो बदलायचं ठरवलं. तिच्या धाकट्या भावाचा जुळला. म्हणून जानेवारीत गुरुदत्त नागपूरहून आला. सगळे त्याला गुरू म्हणतात आणि त्याने नववीतच शाळा सोडलेली आहे. मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये काम करतो. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला तर चपलेवर बाहेर पळाला आणि पडला.

“पूर्ण जुळलं म्हणे आपलं,” तो ताईला म्हणाला.

“पत्रिका जुळली म्हणजे संसार होतोच असं नाही,” शरयू म्हणाली आणि हसली. तो हसला नाही. असल्या गोष्टींवर तो हसत नाही.

सुईला तो भयंकर घाबरायचा. लहानपणी शाळेत लस टोचायला माणसं आली की भिंतीवरून उडी मारून पळायचा. आता कमरेच्या हाडात सुई घालणार म्हटल्यावर रंग उडाला त्याचा. पण गेला. पालथा झोपला आणि झालं ते. घरी आल्यावर आठवडाभर वाकडा चालायचा आणि कोणी विचारलं की म्हणायचा, “बर्फात पडलो.”

महिनाभराने शरयू हॉस्पिटलमधून घरी आली. केस गेलेले, तोंडाला मास्क. तिच्या अंगात आता भावाचं रक्त तयार होत होतं, असं डॉक्टर म्हणत. मार्चमधल्या एका सकाळी तिने मला खाली काढलं, शाई ओतली आणि लांबट कागद अंथरला. मला इतका आनंद झाला होता की तिरकं धरलं तरी चालणार होतं.

गुरू दारात येऊन उभा राहिला. “काय लिहून राहिली, ताई?”

“दोन अक्षरं आहेत. वरचं ‘पू’, म्हणजे नाही. खालचं ‘पा’, म्हणजे भीती. पू पा. भीती नाही.”

“कायची भीती?”

“सुईची. तुझ्यासाठीच लिहितेय. गॅरेजमध्ये लाव नेऊन.”

“लोक म्हणतील, गुरूने चायनीजची गाडी टाकली का.”

“टाक की. निदान मंचुरियन तरी नीट जमेल तुला.”

ती उभं राहून लिहीत होती आणि दुसरा हात टेबलावर रेटून होती. दमलेला माणूस जुन्या सवयीकडे जातो. तिने वरच्या ‘पू’च्या खालच्या तिन्ही रेघा लिहिल्या. डावीकडे पडणारी, मधली उभी, उजवीकडचा ठिपका. डोक्यावरची आडवी रेघ सोडून दिली. तशीच खाली उतरली आणि ‘पा’ आख्खं लिहून काढलं. मी आतून ओरडत होतो, छप्पर, छप्पर. माझं कोण ऐकतं. मग तिने शाईत मला पुन्हा बुडवलं, रेघ मारायला कागदाकडे वळली आणि टेबलाला धरून खाली बसली. अंग तापलं होतं.

ताप आला की थेट हॉस्पिटल, असा नियम होता. उल्हासने गाडी काढली. गुरूने तिला कोट घातला. दारातून वळून ती म्हणाली, “रेघ तेवढी राहिली. आल्यावर मारते. हात लावू नका कोणी.”

ती परत आली नाही.

आता बघा. हात लावू नका असं ती कागदाबद्दल म्हणाली होती, हे माझ्यासारख्या काठीलाही कळलं. पण गुरूने तो आख्ख्या टेबलाबद्दलचा हुकूम धरला. मी शाईने भरलेला, दगडी वाटीवर आडवा. वाटीतली शाई सुकली. माझ्यातली शाई पण सुकली, मुळापर्यंत. शाईत डिंक असतो, ती वाळली की लाखेसारखी होते. हॉस्पिटलमध्ये फेऱ्या चालू असताना मी समजू शकतो. पण ती गेल्यावर? तेरावा झाला, माणसं येऊन गेली. शेजारच्या सुलभामावशींनी डबे आणले आणि “टेबल आवरते हो जरा,” म्हणत हात पुढे केला. गुरू त्यांच्या अंगावर धावून गेला. “ती म्हणाली ना हात नाही लावायचा.” मावशींच्या हातून डबा पडता पडता वाचला. त्यांनी पुसायचं फडकं माझ्यापाशी ठेवलं आणि निघून गेल्या. ओलं फडकं होतं. माझ्यापासून वीतभर लांब. तेही वाळलं.

मला त्याचा राग येत होता. दिवसातून दहा वेळा खोलीत येऊन उभा राहायचा आणि मला नुसतं बघायचा. एवढं बघतोस तर धू ना. एक पेला पाणी, बस. पण नाही. ताईने ठेवलं तसंच राहिलं पाहिजे, म्हणून तो ताईची वस्तू डोळ्यांदेखत मारत होता.

आणि एकदा तिथेच उभं राहून तो भिंतीला म्हणाला, “पूर्ण जुळलं म्हणाले होते ना?” भिंत काय बोलणार. त्याने भिंतीवर मूठ मारली. इथल्या भिंती पोकळ असतात, भोक पडलं. उल्हासने येऊन पाहिलं आणि कॅलेंडर आणून त्या भोकावर लावलं.

जूनमध्ये उल्हासने बदली मागून घेतली. दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला जाणार होता. ह्या घरात राहवत नाही म्हणाला. गुरूच्या परतीच्या तिकिटाचा दिवसही जवळ आला होता. बाकीच्या खोल्या खोक्यांत गेल्या. ही एक राहिली.

“अरे गुरू, ते सामान मी मिसेस त्सायना द्यायचं म्हणतोय,” उल्हास म्हणाला. “त्या शनिवारी येतायत.”

“नाही द्यायचं.”

“मग काय करायचं? घर रिकामं करून द्यायचंय मला.”

“तुम्हाला सगळंच रिकामं करायचंय, भाऊजी.”

उल्हास दाराच्या चौकटीला टेकला. “तुझी बहीण होती तशी माझी बायको होती रे,” एवढंच म्हणाला. गुरू खाली बघत राहिला. नको ते बोलून जायचं आणि मग खाली बघायचं, ही त्याची पद्धत.

शनिवारी त्साय बाई आल्या. हातात संत्र्यांची पिशवी. त्यांनी बूट दारात काढले, टेबलाजवळ आल्या आणि आधी मला उचललं. टोक दाबलं. बाभळीच्या काट्यासारखा मी. त्यांनी दोघांकडे असं पाहिलं की मला जरा बरं वाटलं. मग त्यांनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“हे तिने कधी लिहिलं?”

“हॉस्पिटलला गेली त्या सकाळी,” उल्हास म्हणाला. “काय लिहिलंय?”

“पा. भीती.”

उल्हासने ते गुरूला मराठीत सांगितलं. गुरूला वाटलं भाऊजी चुकले. “भीती नाही, असं आहे ते. मला सांगितलं होतं तिने.”

बाईंनी मान हलवली. कागदावर तेवढंच होतं. भीती. वर तीन सुट्या रेघा, ज्यांचा काहीच शब्द होत नव्हता.

“घाबरली असेल रे आतून,” उल्हास हळूच म्हणाला. “आपल्याला दाखवलं नाही.”

गुरूने कागदावरची वजनं बाजूला फेकली. “मला भीती लिहून ठेवली? मी नागपूरला भीती घेऊन जाऊ? मी दिला ना मॅरो, मी पळालो नाही ना.” त्याने कागदाचं टोक धरलं. फाडणारच होता. त्साय बाईंनी दोन्ही तळवे कागदावर ठेवले आणि आपल्या एवढ्याशा देहाचा सगळा भार त्यावर टाकला. तशाच वाकलेल्या असताना त्यांची नजर त्या तीन रेघांवर गेली. एक तळवा तसाच दाबून ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटाने हवेत काहीतरी काढलं. पुन्हा काढलं. मग खुर्चीवर बसल्या.

“छप्पर,” त्या म्हणाल्या. “ह्या बाईने छप्पर शेवटी ठेवलं. तीन वर्षं सांगत होते मी.”

उल्हासने समजावून सांगितलं तेव्हा गुरूला कळलं, राहिलेली रेघ कुठली होती. तो तिला कागदाची चौकट-बिकट समजत होता. ती ‘नाही’ची रेघ होती. एक रेघ नव्हती म्हणून कागद भीती म्हणत होता.

“तुम्हीच मारा, मॅडम,” उल्हास म्हणाला. “तुमची छान येईल.”

“मी मारणार,” गुरू म्हणाला.

“कधी कुंचला धरलायस का?” उल्हासने विचारलं.

“नंबर प्लेटा रंगवल्यात.”

माझे उरलेसुरले केस उभे राहिले. कोणी काही म्हणायच्या आत त्याने मला उचललं, बाथरूममध्ये नेलं आणि कढत पाण्याचा नळ सोडला. कढत पाण्याने माझ्या केसांच्या मुळाशी असलेला गोंद सुटतो. वर तो मला पिळायला लागला, पाना फिरवावा तसा. केसांचा एक झुबका त्याच्या बोटांत आला. त्याने तो पाहिला आणि मला धरून तिथेच संडासाच्या झाकणावर बसला. मोठमोठ्याने रडला. ती गेल्यापासून पहिल्यांदा. मी चिडलेला होतो, पण काय करणार, त्याच्या मुठीत होतो.

त्साय बाई आल्या. त्यांनी नळ बंद केला, पेल्यात गार पाणी घेतलं आणि मला त्यात अलगद धरलं. “थांब,” म्हणाल्या. एवढं इंग्रजी त्यालाही येत होतं. तो थांबला कसला. उठला, फेऱ्या घातल्या, संत्रं सोललं, खाल्लं नाही, परत येऊन पेल्यात डोकावला. पाणी काळं होत होतं. बाई पाणी बदलत होत्या. घाई न करता. मला हूचौची ती बाई आठवली.

मी सुटलो. पूर्वीसारखा नाही. मधून विरळ, टोक दुभंगलेलं, पण शाई धरण्याजोगा.

बाईंनी वर्तमानपत्र अंथरलं. “आधी यावर. आख्खं अक्षर लिही.” त्यांनी कोपऱ्यात ‘पू’ लिहून दाखवलं नाही, फक्त छापील पुस्तकातलं दाखवलं. गुरूने मला पकडलं. तिरकं, बॉलपेनसारखं. आणि लिहायला लागला. डावीकडे पडणारी, मधली उभी, उजवीकडचा ठिपका. सगळ्यात शेवटी, वरून, डावीकडून उजवीकडे, आडवी रेघ.

तोच तिरकेपणा. तीच ओढ. मी ती पकड ओळखतो, मी तिच्यात वर्षानुवर्षं वैतागलेलो आहे.

त्साय बाईंनी वर्तमानपत्र आपल्याकडे ओढलं. “तुला लिहायला कोणी शिकवलं?”

उल्हासने ते मराठीत विचारलं. गुरू म्हणाला, “ताईने. शाळेत कुठे बसायचो मी. माझा हात धरून पाटीवर लिहून घ्यायची ती. रेघ शेवटी मार, नाहीतर अक्षरं वर डोकी आपटतील म्हणायची.”

बाईंच्या ओठांवर ते वाक्य आलं होतं. मला दिसलं. छप्पर आधी. त्यांनी ते गिळलं आणि चांगला कागद पुढे सरकवला.

गुरूने मला शाईत बुडवलं. मी म्हटलं, दाब, चालव, थांब, उचल. त्याने दाबलं जास्त. चालवलं भराभर. मध्ये माझ्यात केसच नव्हते, तिथे रेघ फाटली आणि खालचा पांढरा कागद दिसू लागला. पुढे ती जराशी वर चढली, खालच्या उभ्या रेघेला जेमतेम शिवली आणि उजव्या टोकाला माझा एक केस शाईत चिकटून तिथेच राहिला. गुरूने तो काढायला बोट पुढे केलं. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

“पू पा,” त्यांनी वाचलं.

“आता बरोबर आहे?” गुरूने विचारलं.

“नाही. उलट्या क्रमाने आहे. रेघ वाईट आहे.” त्यांनी डोळे पुसले. “पण वाचता येतं.”

उल्हास खिडकीकडे तोंड करून उभा होता. तो म्हणाला, “पुन्हा वाचा ना.” त्यांनी पुन्हा वाचलं.

कागद वाळल्यावर गुंडाळी करून गुरूने तो हातातल्या बॅगेत ठेवला. बाकीचं सामान त्साय बाईंनी नेलं. मला नेत होत्या, मी मनातून तयार होतो. पण गुरू म्हणाला, “हा माझ्याकडे राहू द्या,” आणि ह्या वेळी हिसकावलं नाही, विचारलं.

आणि आता ऐका माझी दशा. आज त्याचं विमान आहे. मी त्याच्या बॅगेत, त्याच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला आहे. सकाळपासून त्याने तीनदा बॅग उघडून कागद जागेवर आहे का ते पाहिलं. मला धुवायचं मात्र पुन्हा विसरला. शाई आत सुकायला लागली आहे, मला मुळाशी ओढ जाणवतेय. कोणाला सांगायचं?

गुरू, नागपूरला पोचलास की पहिल्यांदा मला पाण्यात घाल. गार पाण्यात. पिळू नकोस, मी पाना नाही. टोक बोटांनी जुळव आणि डोकं खाली करून टांग, गॅरेजमध्ये टांगलास तरी चालेल. ताईने हात लावू नका म्हटलं होतं ते कागदाला. मला हात लाव. मला रोज हात लाव.

आणि वरची रेघ तू शेवटीच मार. मी काही बोलणार नाही.